जुन्या अग्निशामक बंबाचे पुनरुज्जीवन
माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे सिन्नरकरांना अग्निशामक बंबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि सेवेतून निवृत्त झालेला बंब भंगारात काढण्यापूर्वी नगरपालिकांनी थोडा विचार करणे इष्ट होय. मुंबईत पहिला मोटारबंब १९०७ मध्ये आला. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले. अशी यंत्रे त्या सेवेची साक्ष देतात.

दुरुस्तीत रंगापेक्षा पंप महत्त्वाचा. शोषनळीतील हवा काढल्यावर बाहेरील हवेचा दाबच पाणी वर चढवितो; त्यामुळे सांध्यात किंचित फट राहिली तरी पंप पाणी धरीत नाही. चकचकीत, पण कोरडा बंब शोभेपुरताच! झिजलेले पॅकिंग प्रथम बदलावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ते कोरडे घासू नये. पितळी पट्ट्यांवरील मूळ अक्षरे मात्र जपावीत.