जनगणनेत तुमची भाषा तुम्हीच सांगा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण मराठी बोलतो. घरी मात्र कुणी अहिराणी बोलतं, कुणी पावरी, कुणी कोरकू, गोंडी नाहीतर बंजारा. बाजारात हिंदीही चालवतो. तरी "कोणत्या भाषा येतात?" असं विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं : "मला कुठं काय येतंय, इंग्रजी तर येत नाही!"

आता जनगणना येते आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक माणसाबद्दल भाषेचे दोन प्रश्न होते. ते समजून घेऊ.

पहिला, मातृभाषा. लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलायची, ती. आई लहानपणीच वारली असेल, तर त्या घरात मुख्यतः बोलली जायची ती. एका घरात सगळ्यांची मातृभाषा एकच असली पाहिजे असं नाही. सासर मराठी आणि सून कोरकू असेल, तर सुनेच्या नावापुढे कोरकूच यायला हवी.

दुसरा, येणाऱ्या इतर भाषा. जास्तीत जास्त दोन, त्यातली जास्त चांगली येते ती आधी. लिहिता-वाचता यायची अट नाही. समजते, बोलणं चालवता येतं, एवढं पुरे. इंग्रजीलाही हाच नियम. 'रिचार्ज', 'लोन' असे सुटे शब्द म्हणजे इंग्रजी येणं नव्हे. पण कॉलेजातल्या मुलीला इंग्रजीत बोलता येत असेल, तर ते जरूर सांगा.

इंग्रजी येत नाही याची लाज नको. २०११ साली देशातल्या १२१ कोटी लोकांपैकी जेमतेम २ लाख ६० हजार जणांची मातृभाषा इंग्रजी होती. दुसरी-तिसरी भाषा म्हणून सांगणारे धरले, तरी आकडा १३ कोटींच्या आतच. म्हणजे दहातल्या साधारण एकाला इंग्रजी येते.

मग हे सांगून उपयोग काय? अहिराणी जिच्यात मोजतात ती खानदेशी बघा. २००१ मध्ये २० लाख ७५ हजार लोकांची नोंद होती, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढली आणि नोंद घटली! देशभरात दहा हजारांपेक्षा कमी नोंद झालेल्या भाषा तर 'इतर' मध्ये जातात, त्यांचं नावही वेगळं दिसत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्याने सोयी करायच्या आहेत. पण ती मुलं आहेत कुठे, हे कागदावर तर दिसायला हवं ना?

बऱ्याचदा दारात घरातला कर्ता पुरुष उभा राहतो आणि सगळ्यांची एकच भाषा सांगून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका, ताई. येत्या बैठकीत हजेरी झाली की प्रत्येकीने आपली मातृभाषा आणि येणाऱ्या दोन भाषा मोठ्याने सांगा. घरीही सासू, सून, लेकरं, सगळ्यांचं आधी ठरवून ठेवा. प्रगणक आले की स्वतः पुढे होऊन सांगा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा.