शिक्षेनंतरची शिक्षा

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाने पोट कसे भरावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यांनी दिले आहे. पण ते माणसागणिक वेगळे आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यास वकिलीची सनद देऊ नये, असे १९६१ च्या वकील अधिनियमाचे कलम २४-अ सांगते. मात्र सुटकेनंतर दोन वर्षे लोटली की ही अपात्रता संपते. दोन वर्षे वा अधिक कैद झालेला लोकप्रतिनिधी सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा मते मागावयास मोकळा होतो. आणि पहारेकरी? न्यायालयाने दोषी ठरविलेल्या कोणासही खासगी सुरक्षारक्षक म्हणून नेमू नये, असा २००५ चा कायदा आहे. गुन्हा कोणता, किती जुना, याची विचारपूस नाही. बंदीला मुदतही नाही. कायदे करण्याचे आसन सहा वर्षांनी परत मिळू शकते. हॉटेलच्या फाटकापुढचे स्टूल मात्र कधीच नाही! हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो.

समाजाने सावध राहू नये, असे आमचे म्हणणे नाही. अशिलाचा पैसा गिळल्याबद्दल शिक्षा झालेल्याच्या हाती पुन्हा सनद देताना दहादा विचार व्हावयास हवा. सनद मिळाल्यानंतर शिक्षा झालेल्या वकिलासही हीच अपात्रता लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली महिपालसिंग राणा प्रकरणात सांगितले, ते योग्यच झाले.

परंतु 'दोषी' हा शिक्का किती आंधळा असू शकतो, हे या देशाला नव्याने सांगावयास नको. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या पटावरून त्यांचे नाव खोडले. ते पुन्हा लागले १९८८ साली, त्यांच्या हत्येनंतर चाळीस वर्षांनी. आग्वादच्या कोठड्यांत खितपत पडलेले गोमंतकाचे मुक्तिसैनिकही पोर्तुगीजांच्या लेखी गुन्हेगारच होते. चोर आणि सत्याग्रही एकाच तागडीत तोलावेत, असा याचा अर्थ नव्हे. नुसत्या निकालपत्रावरून माणसाची पारख होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून गुन्ह्याचा त्या व्यवसायाशी काही संबंध आहे काय, हे आधी पाहिले जावे. बंदीला मुदत असावी. आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले जावे. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे, परवाना देणाऱ्या कचेरीचे नव्हे. घामाची भाकरी खाऊ पाहणाऱ्याच्या तोंडावर आपण सारी दारे लावून घेतली, तर त्याच्यासाठी उघडे राहील ते एकच दार, तुरुंगाचे.