मोडलेल्या बाकाची नोंद

सार्वजनिक बागेतला बाक एका दिवसात मोडत नाही. आधी पाठीची एक फळी सैल होते. कुणीतरी पाय देऊन ती उखडतो. महिन्याभरात दुसरी जाते. मग नुसते लोखंडी पाय उरतात आणि एके रात्री तेही भंगारवाल्याकडे पोचतात. एवढ्या काळात त्या बाकावरून शेकडो माणसांची नजर फिरलेली असते. फेऱ्या मारणारे निवृत्त लोक, हास्यक्लबची मंडळी, नातवंडांना घसरगुंडीवर आणणाऱ्या आज्या, सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. ‘काय ही माणसं!’ असे म्हणून प्रत्येकजण हळहळतो आणि पुढच्या फेरीला लागतो. महापालिकेला एक ओळ लिहून कळवावे, असे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

माझी नोकरी बँकेत झाली. ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, हा तिथला पहिला धडा. संध्याकाळी रोख दहा रुपयांनी जुळली नाही, तरी चूक सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. आपल्या बागांत मात्र रोज तूट येते आणि ती कुणाच्याच नावावर टाकली जात नाही. शेवटी ती ‘देखभाल व दुरुस्ती’ या भल्यामोठ्या शीर्षाखाली जिरून जाते. तो पैसा कुणाचा, हे सांगायला बँकवाला कशाला हवा?

नासधूस करणाऱ्याला शिक्षा होत नाही, अशी आपली तक्रार असते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. शिक्षा होते, पण ती भलत्यालाच होते. पाणपोईचा नळ वारंवार चोरीला गेला की तो पुन्हा बसत नाही, आणि खेळून दमलेली मुले तहानलेली घरी जातात. झोपाळ्याची साखळी तुटली की नुसता सांगाडा उभा राहतो. कोपऱ्यातले दिवे फुटले की बायका तिकडे फिरकेनाशा होतात आणि तो कोपरा पत्ते-बाटल्यांवाल्यांच्या ताब्यात जातो. सगळ्यात मोठा तोटा ज्याला घरी अंगण नाही, गॅलरी नाही, त्याचा. दोन खोल्यांत सहाजण राहणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला बाग ही चैन नसते, ती त्याची तिसरी खोली असते.

कायदा अपुरा आहे म्हणावे, तर तसेही नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीस प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९८४ चा आहे. महापालिकेची मालमत्ताही त्यात येते. तिची नासधूस केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नुकसान आग लावून केले असेल, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ आहे. या गुन्ह्याला कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’ म्हणतात. मोठा सोज्वळ शब्द! पण सरकारी किंवा पालिकेच्या मालमत्तेशी केलेल्या आगळिकीला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. नुकसान लाखाच्या घरात गेले, तर पाच वर्षांपर्यंत. भिंतींवर रंगरंगोटी करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध वेगळा कायदा केला. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

झाडांसाठी तर १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. शहरातले झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हेही ‘तोडणे’च धरले जाते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. सालीवर बदाम कोरून आत दोन नावे लिहिणाऱ्या प्रेमवीरांनी हे लक्षात ठेवावे. पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवती साल गोल सोलली, तर मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरते. एका बदामाने झाड मरत नाही, पण जखम होतेच, आणि तिच्यातून कीड-बुरशी आत शिरते.

मग कायदा हलतो कधी? जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा रात्रीत उखडून मुठेत टाकण्यात आला. गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या. त्या पुतळ्यामागे नाव होते, वाद होता, वर्तमानपत्रे होती. झोपाळ्याच्या साखळीला यातले काहीच नसते. तिच्यासाठी कायदा हलायचा, तर कुणीतरी तक्रार द्यावी लागते.

आणि नेमके तिथेच आपण अडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याला लहानपणीच पाजलेली असते. पण खबर देणे म्हणजे खटला लढणे नव्हे. नासधूस डोळ्यांदेखत चालली असेल, तर मध्ये पडून शौर्य गाजवू नये. बाजूला व्हावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. मागाहून दिसली, तर उद्यान विभागाला किंवा क्षेत्रीय कार्यालयाला लिहावे. झाडाचे प्रकरण असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याला. चार ओळी पुरतात. काय मोडले, बागेत नेमके कुठे, कधी पाहिले, आणि जमल्यास एक छायाचित्र. ‘बागेची दुर्दशा झाली आहे’ असे मोघम लिहू नये. दुर्दशा दुरुस्त करायला कुणी गवंडी येत नाही. ‘उत्तरेकडच्या फाटकाजवळचा दुसरा दिवा’ असे लिहिले की येतो. पोच किंवा तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, तर खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. आणि तक्रारीचे पुढे काय झाले, दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

एक पथ्य मात्र पाळावे. पुष्कळदा हा उद्योग करणारी पोरे शाळकरी असतात. त्यांचे चेहरे टिपून गावभर फिरवू नयेत. छायाचित्र तपास करणाऱ्यांच्या हाती द्यावे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समाजसेवेची तरतूद आहे, पालकांना दंड भरायला लावण्याचीही आहे. नव्या न्याय संहितेनेही काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणे त्यात येते. आगळीक येत नाही. ती यायला हवी होती, असे मला वाटते. ज्याने घसरगुंडीचा पत्रा वाकवला, त्याने महिनाभर दर रविवारी माळ्याच्या हाताखाली राबावे. दंडाची पावती खिशात विसरून जाते, तळहातावरचा फोड विसरत नाही.

या सगळ्यात एका माणसाचा विचार आपण सहसा करत नाही. तो म्हणजे बागेचा रखवालदार. हातात शिट्टी, जवळ काठी, समोर दहाजणांचे टोळके, आणि रात्रपाळीला तो एकटा. सकाळी काही मोडलेले दिसले की पहिला ठपका त्याच्यावर. त्याने वरिष्ठांना तोंडी सांगितले, तर ते वाऱ्यावर जाते. तेच पाच नागरिकांनी सह्या करून लिहून दिले, तर फाइल तयार होते आणि दुसरा रखवालदार मागायला आधार मिळतो. सकाळच्या फेऱ्यांपैकी एक कमी करून ते पत्र लिहायला काय हरकत आहे? तब्येतीला काही अपाय व्हायचा नाही.