कार्तिकी पौर्णिमेनंतरचे रोमेन

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या अनेक जैन घरांत चातुर्मासाचे चार महिने हिरवी पालेभाजी वर्ज्य असते. पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांची हिंसा होऊ नये म्हणून. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि पालेभाज्या पुन्हा ताटात येतात. रोमेन लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीला पंचांग कळत नाही, पण मालेगाव तालुक्याच्या या पट्ट्यात ते लावायचे तर मुहूर्त जवळपास हाच: पौर्णिमेच्या सुमारास रोपे गादीवाफ्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वाफा मोकळा.

पुस्तकात या पिकाला दिवसा 18 ते 24 अंश, रात्री 10 ते 15 अंश आणि 50 ते 70 टक्के आर्द्रता सांगितलेली असते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वाचून हसू येईल, कारण इथे डिसेंबरातही दुपारी पारा 28-30 वर असतो. पण खरी मदत रात्रीची आहे. वाशिमचे पठार अकोल्यापेक्षा उंच. हिवाळ्यात रात्री तापमान 11 ते 14 अंशांपर्यंत उतरते. दिवसा पानाने तयार केलेली साखर उबदार रात्री श्वसनातच खर्ची पडते, थंड रात्री ती वाढीसाठी उरते. दुपारचे चार-सहा अंश जास्तीचे रोमेन सोसते; गड्ड्याच्या लेट्यूसपेक्षा ते थोडे काटकच. उकाड्याच्या रात्री मात्र त्याला झेपत नाहीत. त्यातून दिवस मोठा होऊ लागला की मेथी फुलावर यावी तसा मधून दांडा वर येतो, पानात दुधाळ चीक वाढतो आणि चव कडू होते. शेवटी हे करडई आणि सूर्यफुलाच्याच कुळातले रोप.

अमेरिकेतल्या युमा या वाळवंटी गावाचे उदाहरण इथे कामाचे आहे. उन्हाळ्यात तिथला पारा सहज चाळिशी ओलांडतो. तरीही नोव्हेंबर ते मार्च तिथून देशभर लेट्यूस जाते; उन्हाळ्यात ते काम समुद्रावरून धुके येणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्याकडे. तापमान बदलायच्या भानगडीत न पडता तिथल्या शेतकऱ्यांनी तारखा बदलल्या. आपण याला रब्बी म्हणतो.

पहिली अडचण मात्र बियाण्यातच येते. रोपे नोव्हेंबरात हवीत तर बी ऑक्टोबरात टाकावे लागते, आणि ऑक्टोबर हीटमध्ये लेट्यूसचे बी हटून बसते. 28-30 अंशांच्या वर बरेच वाण उगवायचेच नाकारतात. बी मेलेले नसते, झोपलेले असते. उपाय सोपा आहे. बी ओल्या फडक्यात गुंडाळून दिवसभर गार जागी ठेवावे, प्रो-ट्रेमध्ये संध्याकाळी टाकावे आणि वर कोकोपीटचा जेमतेम थर द्यावा, कारण बहुतेक वाणांच्या बियांना उजेडही लागतो. लाल प्रकाशाने उगवण सुरू होते आणि त्यापलीकडच्या गडद लाल प्रकाशाने थांबते, हे बेल्ट्सव्हिलच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये लेट्यूसच्या बियांवरच दाखवले. वनस्पतींना उजेड ओळखू देणाऱ्या फायटोक्रोमचा माग पुढे त्यातूनच लागला.

आर्द्रतेचा सुटा टक्का फसवा असतो. 20 अंशांना 60 टक्के आर्द्रता असताना हवा पानातून पाणी ज्या ओढीने खेचते, ती साधारण 0.9 किलोपास्कल. 35 अंशांना तीच 60 टक्के आर्द्रता असली तर ओढ 2.2 वर जाते, दुपटीहून अधिक. मे महिन्यातल्या 42 अंशांच्या, 15 टक्क्यांच्या दुपारी ती 7 किलोपास्कलच्या आसपास. मुळांनी कितीही पाणी उपसले तरी पान त्यापुढे टिकत नाही. जुलैत 28 अंश आणि 85 टक्के असताना ओढ 0.6 च्याही खाली येते. पाने ओली राहतात, केवडा आणि कूज सुरू होते.

म्हणूनच पॉलिहाऊसमधली फॅन-पॅड यंत्रणा विकत घेताना घरातला कूलर आठवावा. वैशाखात कोरड्या हवेत तो जीव गार करतो, आषाढात नुसता घामटा काढतो. 40 अंश आणि 20 टक्क्यांच्या हवेला चांगले पॅड 25-26 अंशांपर्यंत आणू शकते, पण त्या दिवसांत विहिरीला पाणी किती असते हे वाशिमकराला सांगायला नको. माझ्या मते इथे उन्हाळी लेट्यूस हा हौसेचा मामला आहे. मातीशिवाय पाण्यावर लेट्यूस वाढवणाऱ्यांना मात्र कॉर्नेल विद्यापीठाचा एक प्रयोग उपयोगी पडेल: मुळांचे पाणी 24 अंशांवर धरले तर हवा 31 अंशांपर्यंत गेली तरी पीक बाजारात नेण्याजोगे निघाले. पाण्याची टाकी सावलीत, जमिनीत पुरून ठेवणे पॉलिहाऊस गार करण्यापेक्षा स्वस्त पडते.

कोवळ्या आतल्या पानांच्या कडा करपल्या की दुकानदार कॅल्शियमची बाटली पुढे करतो. बहुतेकदा जमिनीत कॅल्शियम असते, पोचत नसते. ते पाण्याबरोबरच वर चढते, आणि पाणी जाते जास्त बाष्प सोडणाऱ्या बाहेरच्या पानांकडे. आत मिटलेले पान उपाशी. फवारा बाहेरच्या पानावर पडतो, आणि एका पानातले कॅल्शियम दुसऱ्यात सरकत नाही. रात्री हवा दमट असली की मुळांच्या दाबाने पाणी आतल्या पानांपर्यंत चढते. सकाळी पानांच्या कडेला मण्यांसारखे थेंब दिसतात ते त्याचेच. तेव्हा दिवसा मध्यम आर्द्रता आणि खेळती हवा, रात्री थोडा ओलावा चालेल, पण सकाळच्या उन्हात पान सुकले पाहिजे. त्यासाठी ठिबक बरे, तुषार नको.

कापणी झाली की सगळे गणित उलटते. वाढताना 70 टक्क्यांवर नको असलेली आर्द्रता आता 95 च्या वर हवी आणि तापमान शून्याच्या जवळ. तसे राखले तर रोमेन दोन-तीन आठवडे टिकते. उघड्या टेम्पोत दुपारपर्यंत मान टाकते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, नागपूरची हॉटेले आता काही तासांवर आली आहेत. कापणी पहाटे करावी, माल लगेच गार करावा आणि त्याच गाडीत पिकती केळी भरू नयेत. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने रोमेनच्या शिरेवर तांबूस ठिपके पडतात आणि हॉटेलवाला पेटी परत पाठवतो.