प्रत्येक भुंगेरा हुमणीचा नव्हे

वळवाचे पाऊस पडून गेले, की ऊसपट्ट्यात हुमणीविरुद्ध मोहीम सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक समज दरसाल नव्याने कानी येतो: जमिनीतून निघणारा व दिव्यावर येणारा प्रत्येक भुंगेरा हुमणीचाच, सबब दिसेल तो चिरडावा. हा समज निराधार तर आहेच, शिवाय शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान करणारा असल्याने त्याचा मुलाहिजा ठेवण्याचे कारण नाही.

हुमणी स्कॅराबिडी कुलातली. या गफलतीत ज्यांचा नाहक संहार होतो ते भूचर भुंगेरे कॅराबिडी कुलातले. कुलेच नव्हेत, त्यांचे उपगणही भिन्न आहेत, आणि ही विभागणी कोणाच्या मर्जीने झालेली नाही: भूचर भुंगेऱ्याच्या मागच्या पायाचा मूळ सांधा धडाशी अचल जखडलेला असून तो उदराच्या पहिल्या खंडाला दुभागतो, हुमणीत तसे घडत नाही. हे पाहण्यास भिंग लागेल. मिशा मात्र लक्ष दिल्यास नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात. हुमणीच्या भुंगेऱ्याची मिशी टोकाशी पंख्यासारखी उलगडते, भूचराची दोऱ्यासारखी सरळ असते. हुमणीची अळी पांढरी, अर्धवर्तुळात वळलेली व मुळांवर जगणारी. भूचराची लांबट, चपळ आणि बहुधा शिकारी. इतका उघड भेद असता दोघांना एकच शिक्षा का व्हावी?

भूचर भुंगेरे काय कामाचे, असे विचारणाऱ्यांनी भाताच्या खाचरात पाहावे: तेथे ओफिओनिया हा सडपातळ भुंगेरा पाने गुंडाळणाऱ्या अळ्या व तुडतुडे खातो. जंगलांची पाने फस्त करणाऱ्या जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर उपाय म्हणून १९०५च्या सुमारास अमेरिकेने कॅलोसोमा हा भूचर भुंगेरा युरोपातून मुद्दाम आणविला, ही गोष्ट तर दप्तरी नमूद आहे.

याच्या उलट, ते सारे मांसाहारीच असतात, हेही खरे नव्हे. हार्पालस व अमारा यांतील अनेक जाती बिया खातात, आणि युरोपातील झाब्रस गव्हाची नासाडी करतो. सुमारे ४०,००० ज्ञात जातींच्या कुलाला एकच स्वभाव कसा असेल? नावाने भूचर असले, तरी उष्ण प्रदेशांतील कित्येक जाती झाडांवरच राहतात. याच कुलातल्या, उष्ण फवारा सोडणाऱ्या बॉम्बार्डियर भुंगेऱ्याविषयीही असाच गैरसमज आहे: त्याच्यातली द्रव्ये एकत्र येताच आपोआप पेटतात, ही दंतकथा आहे. विकरांमुळे क्रिया वेगाने होऊन सुमारे १०० अंश सेल्सिअसचा फवारा उडतो, हे संशोधक आयस्नर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मोजून दाखविले. आणि वर्गीकरण एकदा ठरले की कायम, हाही भ्रमच: कीटकशास्त्रज्ञ फाउलरने १९१२ मध्ये स्वतंत्र कुल मानलेले व्याघ्रभुंगेरे पुढे अनेकांनी कॅराबिडीत समाविष्ट केले, तर २०२० मध्ये डुरान व गॉफ यांनी डीएनएच्या आधारे ते पुन्हा वेगळे काढले.

तेव्हा प्रकाशसापळ्यातील भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात पडू देण्याऐवजी शक्य तेथे कोरड्या भांड्यात जमा करावेत, त्यांच्या मिशा पाहाव्यात, आणि दोऱ्यासारख्या मिशांचे भुंगेरे पुन्हा बांधावर सोडून द्यावेत, एवढी शेतकरी बंधूंना कळकळीची विनंती आहे.