पडून राहिलेला माल

कोणत्याही दुकानात शिरलं की मी आधी फळ्यांवरची धूळ बघतो. तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे जडलेली ही खोड. पत्नी साड्या बघत असते आणि मी मनातल्या मनात हिशेब करत असतो, यातला किती माल सहा महिन्यांहून जुना असेल? लेखक म्हणून चार कादंबऱ्या लिहिल्या, पण ही नजर काही गेली नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी तिचं गाव. जावईबापूंनी दोन मित्रांबरोबर भागीदारीत एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. सत्तावीस फुटांची, वयाने लेकीहून मोठी. धक्क्यातून आत-बाहेर करण्यापुरतं तिला एक लहानसं डिझेल इंजिन आहे. एका शनिवारी डबे भरून, टोप्या घालून आम्ही निघालो आणि दहा मिनिटांत इंजिन तापलं. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप असतो. त्यात रबरी पाकळ्यांचं एक चाक फिरतं. त्याला इम्पेलर म्हणतात. तळहातावर मावेल एवढी वस्तू, पण तिच्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या आणि आमची सहल तिथेच संपली.

मग गाडी काढून बोटीच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेलो. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या दुकानाचा नव्हे. एखाद्या गोदामाएवढी शेड. एका भिंतीवर रंगीबेरंगी दोरांची रिळं, खाली नांगर, पलीकडे लाइफ जॅकेटं. दाराजवळची सगळी मोक्याची जागा मात्र टी-शर्ट, सँडल आणि पाण्याच्या बाटल्यांनी अडवलेली. इम्पेलरच्या भिंतीवर आमच्या मापाची खुंटी रिकामी होती. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहून अगदी अदबीने सांगितलं, "मंगळवारी येईल. घरी पाठवू का?" जावईबापू बाहेर आले, गाडीत बसल्या बसल्या फोनवरून तीच वस्तू दुसरीकडून मागवली. चार डॉलर स्वस्त आणि तीही मंगळवारीच येणार. मग म्हणाले, "बाबा, ही दुकानं आता फार दिवस टिकायची नाहीत."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. घरी येऊन मी या धंद्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वेस्ट मरीन या साखळीची. रँडी रिपास नावाच्या तरुणाने १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे घराच्या गॅरेजमधून नायलॉनचे दोर विकायला सुरुवात केली. पहिलं दुकान १९७५ मध्ये पालो आल्टोत निघालं. त्या काळी अमेरिकेत बंदरागणिक एखादं घरगुती, अंधारं, डांबराच्या वासाचं दुकान असे. वेस्ट मरीनने तोच माल उजेडात मांडला, जाडजूड कॅटलॉग छापले आणि पुढे देशभर पसरली. १९९३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. १९९६ मध्ये तिने पूर्व किनाऱ्यावरची ई अँड बी मरीन घेतली, २००३ मध्ये बोट-यू-एसची दुकानं घेतली. दुकानांची संख्या चारशेच्या जवळपास गेली. घरगुती दुकानदार अर्थातच एकेक करून मिटले.

मग हा एवढा डोलारा खचू का लागला? इंटरनेटमुळे, असं एका शब्दात सांगता येईल, पण ते अर्धंच उत्तर झालं. या धंद्याची मूळ अडचण बँकेच्या माणसाला लगेच कळते. वाण्याच्या दुकानातली साखर आठवड्यात विकली जाते, तिचे पैसे मोकळे होतात, पुन्हा साखर येते. बोटीच्या सामानाचं तसं नाही. हजारो प्रकारच्या वस्तू ठेवाव्या लागतात, त्यातल्या कित्येक वर्षातून एकदा-दोनदा हलतात आणि हंगाम चार महिन्यांचा. दुकान जेवढं मोठं, तेवढा फळीवर झोपलेला पैसा मोठा. हे ओझं पेलायचं तर विकलेल्या वस्तूवर नफा भरपूर हवा. घरबसल्या भाव ताडून बघण्याची सोय झाली आणि नेमका तो नफाच गेला.

त्यात बोट ही चैनीची वस्तू. २००८ ची मंदी आली तेव्हा बोटींचा खप कोसळला. बोटर्स वर्ल्ड नावाची शंभराहून अधिक दुकानांची साखळी रिट्झ कॅमेरा या कंपनीच्या मालकीची होती. एकीकडे डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म धुण्याचा धंदा बुडवला, दुसरीकडे महाग पेट्रोल आणि मंदीने बोटींचा. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बोटर्स वर्ल्डची दुकानं कायमची बंद झाली. वेस्ट मरीन तगली, पण दुकानं कमी करत, उरलेली मोठी करत. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला तिने सुमारे ५० हजार चौरस फुटांचं दुकान थाटलं. २०१७ मध्ये दुकानं अडीचशेच्या आसपास उरली होती. त्या वर्षी एका खाजगी गुंतवणूक कंपनीने तिला विकत घेतलं, २०२१ मध्ये दुसरीने. अशा व्यवहारांत खरेदीच्या पैशाचा मोठा भाग कर्जाने उभा करतात आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच खाती चढतं. २०२० मध्ये साथीच्या काळात घरी कोंडलेल्या माणसांनी धडाधड बोटी घेतल्या, चार दिवस बरे गेले. २०२२ पासून व्याजदर वाढले आणि २०२३ मध्ये कंपनीला कर्जदात्यांशी तडजोड करावी लागली.

दुकानात येण्याची कारणंही एकेक करून गेली. पूर्वी नकाशे घ्यायला लोक येत आणि येताना गप्पा मारत. अमेरिकी सरकारने छापील सागरी नकाशांची जुनी पद्धत बंद करायचं २०१९ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ते काम पुरं केलं. आता खडक कुठे, उथळ कुठे, ते पडद्यावर दिसतं.

हे सगळं वाचताना मला राहून राहून दुसरंच एक दुकान आठवत होतं.

१९८७ साली मी दाभोळच्या खाडीजवळच्या एका बंदरावर बँकेच्या शाखेत होतो. वय सव्वीस. धक्क्याच्या उतारावर मच्छीमारांच्या सामानाचं एक कौलारू दुकान होतं. काथ्याचे आणि नायलॉनचे दोर, जाळ्यांचा धागा, शिसं, नांगर, पंखे, इंजिनाचे सुटे भाग. मालाच्या तारणावर आमच्या बँकेची कॅश क्रेडिट होती. दर महिन्याला मी वही घेऊन माल तपासायला जायचो. शेठ चहा मागवायचे.

मागच्या खोलीत एका फळीवर तेलकट कागदात गुंडाळलेले जुन्या इंजिनांचे भाग होते. मी विचारलं, "हे शेवटचं कधी विकलंत?"

"दोन वर्षं झाली असतील, साहेब," शेठ म्हणाले. "पण लागतं तेव्हा लागतं."

नियमाप्रमाणे मी तो सगळा माल तारणातून वगळला. उचल मर्यादा खाली आली. पुढच्या महिन्यात गेलो तर फळी रिकामी होती. शेठनी तो माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकला होता. माझ्या अहवालावर वरून चांगला शेरा आला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी एका तांडेलाचं इंजिन तापलं. पंपातला तोच रबरी भाग. शेठकडे नव्हता. मुंबईला ट्रंक कॉल लावला, एसटीच्या पार्सलने वस्तू सहाव्या दिवशी आली. हंगामाचे पहिले सहा दिवस होडी धक्क्याला आणि खलाशी वाळूत बसून. होडीवर कर्ज आमच्याच शाखेचं. महिनाअखेरीला तांडेल माझ्यासमोर येऊन बसला. रागाचा एक शब्द त्याने काढला नाही. फक्त विचारलं, "साहेब, ते सहा दिवस हप्त्यात धराल काय?"

हप्त्यात सहा दिवस धरायचा रकाना आमच्या वहीत नव्हता. मी थकबाकीची नोंद केली. शेठनी त्याविषयी मला कधीच काही ऐकवलं नाही, पुढच्या तपासणीला चहाही नेहमीसारखाच मागवला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे आणि ती काही चांगली नाही.

माझा नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. ठेवीदारांचा पैसा जपायचा तर जुन्या मालाची किंमत धरून चालत नाही. पण त्या फळीवर अख्ख्या बंदराचा विमा ठेवलेला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. कधीतरी कुणालातरी लागेल म्हणून शेठ स्वतःचे पैसे अडकवून बसले होते. अमेरिकेतल्या मोठ्या साखळीने ती फळी आधी हजारपट वाढवली आणि मग व्याजाखाली वाकून तिथे टी-शर्ट लावले. दोन्हीकडे हिशेब बरोबर होता आणि दोन्हीकडे होडी धक्क्यालाच राहिली.

मंगळवारी पाकीट आलं. शेजारच्या बोटीवरचे एक सत्तरीचे गृहस्थ मदतीला आले. उमेदीची वर्षं त्यांनी अशाच एका दुकानाच्या काउंटरमागे घालवली होती. पाकळ्या कोणत्या दिशेला दुमडायच्या ते त्यांनी दाखवलं आणि बजावलं, एक कधी मागवायचा नाही, दोन मागवायचे.

जावईबापूंनी लगेच आणखी एक मागवला. म्हणजे दुकानातली फळी आता प्रत्येकाने आपापल्या बोटीत लावायची. धक्क्यावर पन्नास बोटी असतील तर पन्नास खणांत पन्नास इम्पेलर पडून राहणार. गुरुवारी तो दुसरा आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून तेलाचं बोट लावलेला एक कागद घेतला आणि त्यात तो गुंडाळू लागलो.

लेक म्हणाली, "बाबा, रबराला तेल चालत नाही." बरोबरच होतं तिचं. मी कोरा कागद घेतला.

"पण हा कधी लागणार आहे?" तिने विचारलं.

"लागतं तेव्हा लागतं," मी म्हटलं आणि खण लावून घेतला.