सफरचंदाची पिशवी

जानेवारीतील एका संध्याकाळी बऱ्हाणपूरचे एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगी इंदूरच्या भंवरकुआ भागात तिघींच्या खोलीत राहून ‘नीट’ची तयारी करीत होती. जिना चढताना धाप, वाचता वाचता ग्लानी, हिमोग्लोबिन 8.6. वडिलांच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. “डॉक्टरसाहेब, फळांसाठी वेगळे पैसे पाठवतो, पण ही खातच नाही.” वडील औषधे आणावयास गेल्यावर ती हळूच म्हणाली, “सर, त्या पैशांत सफरचंदं जेमतेम आठवडाभर पुरतात. मग मी त्यात नोट्सच्या झेरॉक्स काढते.”

तिचा हिशेब चुकला नव्हता. चुकली होती ती फळ म्हणजे सफरचंद ही समजूत, आणि ती रुजविण्यात आपणा डॉक्टरांचाही वाटा आहे. ‘फळे खा’ असे लिहून आपण मोकळे होतो. कोणते, केव्हा आणि केवढ्याचे, हे मी स्वतः कित्येक वर्षे विचारले नव्हते.

वास्तविक राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला सुमारे 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. म्हणजे एक मध्यम पेरू. माळव्यात आपण त्याला जाम म्हणतो. शंभर ग्रॅम जामात ‘क’ जीवनसत्त्व सुमारे 200 मिलिग्रॅम असते, संत्र्यात त्याच्या पाव हिस्सा आणि सफरचंदात अगदीच नाममात्र. हिवाळ्यात एका चांगल्या सफरचंदाच्या किमतीत दोन-तीन जाम सहज येतात. (जामाने खोकला होतो ही आपल्या आजीबाईंची भीती निराधार आहे, मी तिच्याशी तीस वर्षे भांडत आलो आहे.)

पण जाम केव्हा खावयाचा, हे अधिक महत्त्वाचे. पोहे, चणे, पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि चहा त्याच्या आड येतो. आपला इंदुरी विद्यार्थी मात्र पोह्यांवर शेव-जीरावन घालून लगेच चहा पितो! म्हणून तिला सांगितले, पोह्यांबरोबर जाम खा, चहा तासाभराने घे. केळ्यांच्या बऱ्हाणपूरची ही मुलगी इंदुरात केळे खात नव्हती. काळे ठिपके पडलेले केळे ‘खराब’ म्हणून. ते केवळ पिकलेले असते, आणि संध्याकाळी हातगाडीवर स्वस्तही मिळते. डब्यातल्या गोड रसापेक्षा ते केव्हाही बरे. उघड्यावर कापून ठेवलेली पपई मात्र नको. तिघींत मिळून अख्खी घ्यावी.

लोहाच्या गोळ्या अर्थातच दिल्या. त्या पातळीवर केवळ फळांनी भागत नाही.

मार्चअखेर ती पुन्हा आली तेव्हा हिमोग्लोबिन 11.4 होते. मोठे श्रेय गोळ्यांचेच. खोलीतल्या तिघींनी आठवड्याची वर्गणी सुरू केली होती व चोइथराम मंडीतून एकदम फळे आणीत होत्या. “सर, आता जामाचा हंगाम संपत आला, पुढे काय?” तिने विचारले. मी म्हणालो, खरबूज घ्या, आणि पोह्यांवर लिंबू पिळा. मात्र पोहे ताटलीत वाढल्यावर, कढईत नव्हे.